अतिशुद्ध वायूंतील लेशमात्र बाष्पाचे मापन : आकडा, नळी आणि प्रमाण — एक चिकित्सक आकलन

सारांश

इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीत नायट्रोजन, हायड्रोजन, अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड इत्यादी वायू अतिशुद्ध स्वरूपात वापरले जातात. या वायूंतील सर्वांत चिवट अशुद्धी म्हणजे पाणी. ते अब्जांशाच्या पातळीवर मोजण्याच्या पद्धती गेल्या काही दशकांत विकसित झाल्या. प्रस्तुत लेखात या पद्धतींचा परिचय करून देण्यापेक्षा त्यांच्या दाव्यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. उपकरणाच्या पडद्यावर उमटणारा आकडा हा वायूतील बाष्पाचा आकडा असतोच असे नाही. वायूचा मार्ग, मापनाला दिलेला वेळ आणि ज्याच्याशी तुलना केली ते प्रमाण या तीन गोष्टींची नोंद नसेल, तर तो आकडा मापन या संज्ञेस पात्र ठरत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्या अनुषंगाने पदवी स्तरावरील आर्द्रतामापनाच्या अध्यापनाचाही विचार केला आहे.

बीजशब्द : अतिशुद्ध वायू, जलबाष्प, दवबिंदू, अधिशोषण, अंशांकन, अर्धवाहक उद्योग.

१. प्रास्ताविक

तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या मुक्ताईनगर परिसरात ओलाव्याचा आकडा हा केवळ शास्त्राचा विषय नाही. दिवाळीनंतर कापूस विक्रीस निघाला की शेतकऱ्याच्या गाडीपाशी एक छोटे यंत्र येते आणि त्याचा काटा भाव ठरवतो. भारतीय कपास निगमाच्या हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा आधार मानला जातो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भावात कपात होते आणि १२ टक्क्यांपलीकडचा कापूस स्वीकारला जात नाही. शेतात वाढवलेल्या पिकाचे मोल शेवटच्या क्षणी एका आकड्यावर येऊन थांबते. तो आकडा कसा आला, असे विचारणारा शेतकरी अडाणी नसतो. तो मापनशास्त्रातला मूलभूत प्रश्नच विचारत असतो. कारण ओलावा दाखवणारी बहुतेक सुटसुटीत यंत्रे पाणी मोजत नाहीत. ती पाण्यामुळे बदलणारा एखादा विद्युत गुणधर्म मोजतात आणि त्यावरून पाण्याचा अंदाज सांगतात.

हाच प्रश्न कोट्यवधी पट सूक्ष्म पातळीवर अर्धवाहक उद्योगासमोर उभा असतो. महाराष्ट्रात या उद्योगाची चर्चा सप्टेंबर २०२२ पासून विशेष गाजली. तळेगाव परिसरात अपेक्षित असलेला वेदांता-फॉक्सकॉन यांचा सुमारे १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प गुजरातेत जाणार असे जाहीर झाले आणि आरोप-प्रत्यारोपांना ऊत आला. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये पनवेल तालुक्यातील तळोजा येथील चिप निर्मितीच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने मंजुरी दिली. २०२५ मध्ये त्याची बोलणी थांबल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. या सर्व चर्चेत कोटींचे आकडे होते, रोजगाराचे आकडे होते. ज्या आकड्यावर चिप चालते किंवा बाद होते, तो मात्र कोठेही नव्हता. त्या आकड्याची ओळख करून घेणे आणि त्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. 'कोरडे' म्हणजे किती कोरडे?

खानदेशात वैशाखातली हवा कोरडी मानली जाते. त्या हवेत पापड-कुरडया दिवसभरात वाळतात. तापमान ४५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरून हिशेब केल्यास बाष्पाचा आंशिक दाब सुमारे १,४०० पास्कल येतो. म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे सुमारे १४ हजार रेणू असतात. उद्योगाच्या भाषेत ही हवा १४,००० पीपीएमची होय. चिप निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या नायट्रोजनसारख्या मुख्य वायूंकडून याउलट दर अब्ज रेणूंमागे पाण्याचे काही मोजके रेणू, कित्येकदा एखाद्या रेणूच्याही आतली मर्यादा अपेक्षित असते. १० पीपीबी ही त्यामानाने सैल वाटणारी मर्यादा घेतली तरी आपली वैशाखातली 'कोरडी' हवा तिच्या चौदा लाख पट ओली ठरते.

या दोन टोकांच्या मध्ये अनेक पायऱ्या आहेत आणि त्यांपैकी काही आपल्या जवळच आहेत. औष्णिक वीज केंद्रांतील २१० व ५०० मेगावॉट क्षमतेच्या मोठ्या जनित्रांना थंड ठेवण्यासाठी हायड्रोजन वायू फिरवला जातो. भुसावळजवळील दीपनगर येथे याच क्षमतेचे संच आहेत. या हायड्रोजनमध्ये बाष्प वाढले तर विद्युतरोधनाला आणि घूर्णकाच्या पोलादी कड्यांना धोका पोहोचतो. म्हणून त्याच्या दवबिंदूवर सतत लक्ष ठेवावे लागते. करोनाकाळात सर्वांच्या तोंडी झालेल्या वैद्यकीय ऑक्सिजनसाठी युरोपीय औषधकोशाने बाष्पाची मर्यादा ६७ पीपीएम इतकी घातली आहे. अर्धवाहक उद्योग या पायऱ्यांच्या कितीतरी खाली उभा आहे.

बाष्पाचे प्रमाण आणि बर्फावरील संपृक्ततेचे तापमान यांचा संबंध ध्यानात यावा म्हणून सामान्य वातावरणीय दाबाला येणारे काही स्थूल आकडे पुढे दिले आहेत.

उणे ६० अंश सेल्सिअस : सुमारे ११ पीपीएम
उणे ७० अंश सेल्सिअस : सुमारे २.६ पीपीएम
उणे ८० अंश सेल्सिअस : सुमारे ०.५४ पीपीएम
उणे ९० अंश सेल्सिअस : सुमारे ९५ पीपीबी
उणे १०० अंश सेल्सिअस : सुमारे १४ पीपीबी

येथे दोन गोष्टींची जाणीव ठेवावी लागते. पहिली, कापसाचा ८ टक्के ओलावा वजनाच्या प्रमाणात सांगितला जातो, तर वायूंतील पीपीएम सामान्यतः रेणूंच्या प्रमाणात. पाया निराळा असलेले आकडे एका रांगेत मांडून तुलना करणे शास्त्रीय नव्हे. दुसरी गोष्ट भाषेची आहे. शून्याखाली 'दवबिंदू' हा शब्द संदिग्ध होतो. आरशावर साचलेला थर अतिशीत पाण्याचा आहे की बर्फाचा, यावर उत्तर बदलते. उणे २० अंशांना बर्फावरील बाष्पदाब सुमारे १०३ पास्कल, तर अतिशीत पाण्यावरील सुमारे १२५ पास्कल असतो. केवळ शब्दाच्या ढिलाईमुळे उत्तरात वीस टक्क्यांची चूक शिरू शकते. मराठीत 'दहिवर' हा जुना शब्द दव आणि गोठलेले दव अशा दोन्ही अर्थांनी आढळतो. तो दुसऱ्या अर्थी पक्का करून शून्याखालील मापनासाठी 'दहिवरबिंदू' अशी संज्ञा रूढ करावी, असे सुचवावेसे वाटते. या लेखात पुढे तीच वापरली आहे.

३. बाष्पाचा उपद्रव

एवढे थोडे पाणी काय बिघडवणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सिलिकॉनच्या चकतीवर त्याच स्फटिकरचनेचा नवा थर वाढवताना पाण्याचा रेणू तापलेल्या पृष्ठभागाशी संयोग पावतो, ऑक्साइडचे सूक्ष्म बेट तयार होते आणि वरच्या थराच्या रचनेत दोष येतो. ॲल्युमिनियमयुक्त संयुग-अर्धवाहकांत ऑक्सिजनचा शिरकाव झाला की विद्युतभार अडकून बसण्याच्या जागा निर्माण होतात. प्रकाशमान डायोडचा उजेड त्यामुळे मंदावतो. अशा डायोडसाठी गॅलियम नायट्राइड बनवताना वापरला जाणारा अमोनिया स्वभावतःच पाण्याला धरून ठेवणारा असल्याने तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. हायड्रोजन क्लोराइडसारखा वायू कोरडा असेपर्यंत स्टेनलेस स्टीलच्या नळीत बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. ओलावा मिळताच तो नळीच खाऊ लागतो आणि गंजाचे कण चकतीपर्यंत वाहून नेतो. बोरॉन ट्रायक्लोराइड पाण्याशी विक्रिया करून घन अवशेष सोडतो. तात्पर्य, पाणी येथे केवळ वायूची शुद्धता कमी करत नाही. ते वस्तूत आणि यंत्रणेत दोष उत्पन्न करते.

४. मापनपद्धतींच्या दाव्यांची चिकित्सा

(अ) थंड आरसा. वायूच्या झोतात ठेवलेला आरसा हळूहळू थंड करायचा आणि त्यावर दव किंवा दहिवर धरते ते तापमान नोंदवायचे, हे तत्त्व डॅनियल याच्या १८२० च्या आर्द्रतामापकाइतके जुने आहे. त्याचा मोठा गुण असा की तापमान व बाष्पदाब यांच्या भौतिक संबंधावर ते थेट उभे आहे. म्हणून या पद्धतीला 'मूलभूत' म्हटले जाते. तथापि उणे ९० अंशांच्या आसपास वायूत पाणीच इतके थोडे असते की आरशावर दिसण्याजोगा थर जमण्यास तास लागू शकतात. थर स्थिरावण्यापूर्वी घेतलेले वाचन केवळ घाईचे वाचन असते. शिवाय आरसा पाणी ओळखत नाही. जे गोठेल ते त्याला सारखेच. कार्बन डायॉक्साइडमध्ये वातावरणीय दाबाला उणे ७८.५ अंशांवर तो वायूच गोठू लागतो, म्हणून त्याखालचे बाष्प या मार्गाने मोजता येत नाही. पद्धतीचे मूलभूतत्व वायूच्या स्वभावाने असे मर्यादित होते.

(आ) ॲल्युमिनियम ऑक्साइडचा संवेदक. सच्छिद्र ऑक्साइडच्या थरात पाणी शिरले की त्याची विद्युत धारकता बदलते. हे उपकरण स्वस्त, टिकाऊ व सर्वत्र आढळणारे आहे. कापसाच्या ओलावामापकाशी त्याचे नाते जवळचे आहे, कारण तेही पाणी न मोजता पाण्याचा परिणाम मोजते. धारकतेवरून बाष्पाकडे नेणारा कोणताही नियम मूलतत्त्वांतून निघत नाही. तो कारखान्यात आखलेल्या वक्रावर अवलंबून असतो. काळाबरोबर छिद्रांची रचना बदलते आणि वक्र जुना होतो. अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड यांसारखे वायू तर संवेदकालाच इजा करतात. वक्र जुना झाला तरी पडद्यावरील दशांशचिन्हानंतरची घरे तशीच राहतात, हा या उपकरणाचा खरा धोका आहे.

(इ) फॉस्फरस पेंटॉक्साइडचा विद्युतघट. कायडेल याने १९५९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वायूतील पाणी फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या थरात शोषले जाते आणि विजेच्या साहाय्याने त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजनमध्ये अपघटन होते. पाण्याच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन, हा फॅरेडेचा हिशेब असल्याने विद्युतधारेवरून पाण्याचे प्रमाण सरळ काढता येते. मिनिटाला १०० मिलिलिटर प्रवाहात १ पीपीएम बाष्पासाठी सुमारे १३ मायक्रोअँपिअर धारा मिळते. कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. परंतु १ पीपीबीला ती धारा १३ नॅनोअँपिअरवर येते आणि घटाची स्वतःची पार्श्वभूमी-धारा तिच्याशी स्पर्धा करू लागते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की मापनाचा वायूच हायड्रोजन किंवा ऑक्सिजन असेल, तर अपघटनातून निघालेला दुसरा घटक त्याच्याशी पुन्हा संयोग पावतो, पाणी परत तयार होते व तेच पाणी पुन्हा मोजले जाते. आकडा फुगतो. फॅरेडेचा नियम चुकत नाही. त्याच्या भोवतीची गृहीतके चुकतात.

(ई) प्रकाशाच्या क्षयावर आधारित पद्धत. ओ'कीफ व डीकन यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेल्या या तंत्रात दोन अतिपरावर्तक आरशांमध्ये लेसरचा प्रकाश कोंडला जातो आणि तो किती वेळात विझतो हे मोजतात. आरशांतील अंतर अर्धा मीटर आणि परावर्तकता ९९.९९ टक्के धरल्यास प्रकाशाला मिळणारा परिणामी मार्ग ५ किलोमीटरचा होतो व क्षयकाल सुमारे १७ मायक्रोसेकंद येतो. पाण्याच्या शोषणरेषेवर, उदाहरणार्थ १,३९२ नॅनोमीटरच्या आसपास, हा काळ घटतो. त्या घटीवरून बाष्प मोजता येते. आज अब्जांशाच्या व त्याखालच्या पातळीवर ही पद्धत अग्रस्थानी आहे. मात्र 'या उपकरणास अंशांकनाची गरज नाही' असा जो दावा कधी कधी केला जातो, तो जपून स्वीकारावा लागतो. शोषणरेषेची तीव्रता कोणीतरी मोजलेली असते. नायट्रोजन, हायड्रोजन व अमोनियात त्या रेषेची रुंदी वेगवेगळी होते. अमोनियाच्या स्वतःच्या रेषा पाण्याच्या रेषेवर चढतात. म्हणजे येथेही प्रमाणाची गरज संपलेली नसते. ती उपकरणाच्या पोटात लपलेली असते.

५. नळीचे पाणी

वरील चारही पद्धतींना एक समान मर्यादा आहे आणि ती उपकरणाच्या बाहेर आहे. वायू उपकरणापर्यंत नळीतून येतो. पाण्याचा रेणू ध्रुवीय असल्याने धातूच्या पृष्ठभागाला तो चिकटून राहतो. शास्त्राच्या भाषेत त्याचे अधिशोषण होते. या चिकटण्याचे माप किती, याचा एक साधा अंदाज येथे मांडतो.

पाव इंची स्टेनलेस स्टीलची, सुमारे ४.६ मिलिमीटर अंतर्व्यासाची, १० मीटर लांबीची नळी घेऊ. तिच्या आतील पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस सेंटिमीटर भरते. पृष्ठभागावर पाण्याचा एकच रेणवीय थर आहे आणि दर चौरस सेंटिमीटरला १० चा १५ वा घात इतके रेणू आहेत असे मानले, तर नळीच्या भिंतीवर सुमारे १.४ गुणिले १० चा १८ वा घात इतके रेणू बसलेले असतात. आता या नळीतून मिनिटाला एक लिटर या दराने पूर्णपणे कोरडा वायू सोडला आणि भिंतीवरचे पाणी दर मिनिटाला १० पीपीबीच्या हिशेबाने सुटत गेले असे धरले, तर तो एकमेव थर संपायला सुमारे पावणेसहा हजार मिनिटे, म्हणजे चार दिवस लागतील. प्रत्यक्षात पाणी असे एकसारख्या गतीने सुटत नाही. आरंभी भराभर व नंतर दीर्घकाळ थेंबथेंब सुटते, आणि तापमान बदलले की हा वेगही बदलतो. दुपारी नळी तापली की आकडा वाढावा व पहाटे उतरावा, आणि वायूत मात्र काहीच बदललेले नसावे, असेही घडू शकते.

या साध्या गणिताचा अर्थ गंभीर आहे. चार दिवस उपकरण १० पीपीबी दाखवेल, ते अगदी अचूक दाखवेल, आणि तरीही टाकीतील वायूबद्दल ते काहीही सांगत नसेल. ते नळीचा भूतकाळ सांगत असेल. नळी केव्हा उघडली, किती वेळ दमट हवेत राहिली, तापवून कोरडी केली की नाही, या गोष्टी नोंदवहीत नसतील, तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

नळीसंबंधी दुसरा गैरसमज दाबाचा आहे. आत दाब जास्त असल्याने बाहेरचे काही आत येणार नाही, असे आपण सहज गृहीत धरतो. बाष्प एकूण दाबाकडे पाहत नाही. ते स्वतःच्या आंशिक दाबाकडे पाहते. नळीत ५ बार दाबाचा, १० पीपीबी बाष्पाचा नायट्रोजन असेल, तर आतील बाष्पाचा आंशिक दाब ०.००५ पास्कल असतो. बाहेरच्या वैशाखातल्या हवेत तो १,४०० पास्कल असतो. रबर किंवा प्लॅस्टिकच्या नळीच्या भिंतीतून पाणी या उताराने आत झिरपत राहते. म्हणूनच या कामात आतून विद्युत-रासायनिक रीतीने गुळगुळीत केलेल्या व वेल्डने जोडलेल्या पोलादी नळ्या वापरतात. खर्चाचे कारण पुढे करून शेवटचा हातभर तुकडा रबराचा जोडणे म्हणजे सर्व खर्च पाण्यात घालणे होय.

६. प्रमाणाचा प्रश्न

किलोग्रॅमचे वजन पेटीत ठेवता येते. '१० पीपीबी बाष्प' पेटीत ठेवता येत नाही, कारण पेटीच्या भिंतीच ते बदलून टाकतात. म्हणून हे प्रमाण प्रत्येक वेळी नव्याने निर्माण करावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत सुमारे उणे १०० अंशांपर्यंत नियंत्रित तापमानाच्या बर्फावरून वायू संपृक्त करून ज्ञात बाष्पाचा वायू मिळवतात. जपानच्या राष्ट्रीय मापनसंस्थेत विसरणनळीतून निघून जाणाऱ्या पाण्याचे वजन चुंबकीय तराजूवर अखंड मोजून तसा वायू तयार करतात. पहिल्या मार्गाचा आधार बर्फाचा बाष्पदाब, दुसऱ्याचा वजन. या दोन भिन्न वाटांनी मिळालेली उत्तरे जुळली तरच विश्वास बसतो. मापनशास्त्राचे सारे नैतिक बळ अशा स्वतंत्र साक्षींच्या जुळणीत आहे.

भारतात मापनाच्या राष्ट्रीय प्रमाणांची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तिची पायाभरणी जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला स्वतःची मापे हवीत, ही दृष्टी त्यामागे होती. अर्धवाहक उद्योगाच्या संदर्भात तीच दृष्टी आज पुन्हा आवश्यक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने ७६ हजार कोटी रुपयांचा अर्धवाहक कार्यक्रम मंजूर केला. त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कारखान्यातील बाष्पमापक अंशांकनासाठी परदेशी पाठवावा लागत असेल, तर कारखाना आपल्या भूमीवर असूनही त्यातील शुद्धतेचा निवाडा दुसरीकडे होत राहील.

७. अध्यापनाची चिकित्सा

येथवर उद्योगाच्या व उपकरणांच्या उणिवा सांगितल्या. आपल्या वर्गाची उणीव न सांगता लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पदवीच्या प्रात्यक्षिकांत आर्द्र व शुष्क गोलकाच्या आर्द्रतामापकाचा प्रयोग परंपरेने केला जातो. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी हा प्रयोग घेतला तेव्हा ओल्या गोलकाची वात वाळून कडक झाली होती व पात्रात पाणी नव्हते. दोन्ही तापमापक सारखेच तापमान दाखवत होते. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दोन्हींत फरकच येत नाही, काय लिहू?" परीक्षा जवळ आली होती. मागच्या वर्षीच्या वहीत सहा अंशांचा फरक होता. तोच लिहून घेण्यास लेखकाने सांगितले आणि वहीवर स्वाक्षरी केली.

त्या विद्यार्थिनीचे वाचन खरे होते. दोन्ही तापमापक सारखे म्हणजे सूत्रानुसार शंभर टक्के आर्द्रता, आणि तीही भर एप्रिलात. उपकरण पूर्ण कोरडे पडले होते आणि हवा पूर्ण ओली असल्याचे सांगत होते. हा विरोधाभास का आला, असे तिने विचारले असते तर तिला बाष्पीभवन कळले असते, उपकरणाची अट कळली असती, आणि आकडा व सत्य यांतील अंतर कळले असते. ते सर्व लेखकाच्या स्वाक्षरीखाली झाकले गेले. पुढे अशाच विद्यार्थ्यांपैकी कोणी एखाद्या वायूप्रकल्पात रात्रपाळीला बसतो. पडद्यावरचा आकडा दोन दिवस हललेला नसतो. तो आकडा कोरड्या वायूचा आहे की मेलेल्या संवेदकाचा, हे विचारण्याची सवय त्याला लागलेली नसेल, तर तिचे मूळ आमच्या प्रात्यक्षिक वहीत शोधावे लागेल.

यावर असा आक्षेप येईल की ग्रामीण महाविद्यालयाने अब्जांशाच्या मापनाचे स्वप्न पाहू नये. महाराष्ट्रात अतिशुद्ध वायूंवर काम करणारी प्रयोगशाळा पाहायची तर पवईच्या आयआयटीत २००६ मध्ये सुरू झालेल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्राकडे पाहावे लागते. तेथील साधने आपल्याकडे येणे नाही. आक्षेप साधनांपुरता मान्य आहे, दृष्टीपुरता नाही. काही शे रुपयांना मिळणारा धारकतेवरचा आर्द्रतासंवेदक, सिलिका जेलची बाटली, मत्स्यपात्राला लावतात तो हवेचा छोटा पंप, एक हात तांब्याची नळी आणि तेवढीच रबराची नळी एवढ्यावर एक चांगला प्रयोग उभा राहतो. सिलिका जेलमधून आलेली हवा आधी तांब्याच्या व मग रबराच्या नळीतून संवेदकाकडे न्यावी. दर मिनिटाला आकडा लिहावा. तो केव्हा स्थिरावतो, नळी बदलल्यावर किती बदलतो, नळीवर ओला फडका गुंडाळल्यास काय होते, हे पाहावे. संवेदकाची पातळी टक्क्यांचीच असेल. पण अंतिम उत्तराला निम्मे गुण आणि मार्ग, वेळ व तुलना यांच्या नोंदीला निम्मे गुण दिले, तर विद्यार्थी योग्य प्रश्न घेऊन बाहेर पडेल.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, अतिशुद्ध वायूंतील बाष्पमापनाची कोणतीही पद्धत सर्व वायूंना सारखी लागू पडत नाही; पद्धतीचा दावा वायूचे नाव घेऊनच तपासला पाहिजे. दुसरा, अब्जांशाच्या पातळीवर नमुना आणणारी नळी हा उपकरणाचाच भाग होय आणि तिचा इतिहास नोंदला गेला पाहिजे. तिसरा, अंशांकनाची गरज नसलेले मापन संभवत नाही. प्रमाण कोठे आहे एवढाच प्रश्न उरतो. चौथा, अर्धवाहक उद्योगाची आकांक्षा बाळगणाऱ्या राज्याने जमीन, वीज व अनुदान यांच्या बरोबरीने मापनाची प्रयोगशाळा आणि मापनाचे शिक्षण यांचाही विचार केला पाहिजे.

कापसाच्या गाडीपाशी उभा असलेला शेतकरी काट्याकडे संशयाने पाहतो, कारण त्या काट्याची किंमत तो स्वतःच्या खिशातून मोजतो. प्रयोगशाळेत ती किंमत लगेच मोजावी लागत नाही, म्हणून तेथे संशय सैल पडतो. आता लेखकाच्या वर्गात वात वाळलेली सापडली, तर प्रयोग थांबवून आधी तीच गोष्ट वहीत लिहून घेतली जाते.